कवडीची टोपली: ख्रिस्ती श्रद्धेत तुमचं मन कशानं भरलं?

पऱ्हाटी

सर्वांना सलाम.

बरीच वर्षं मनात असलेलं आज लिहून काढतोय. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं लहानसं गाव, त्यात ख्रिस्ती घरं अकरा. आबाजी मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी तिसऱ्या पिढीतला, त्यामुळे श्रद्धा मला वावरासारखीच वारसानं मिळाली. रविवारी धुतलेला सदरा, पेटी-तबल्यावर भजनं, नाताळात करंज्या आणि कामट्यांची चांदणी, गुड फ्रायडेला बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. सगळं तोंडपाठ. मन भरलेलं आहे की रिकामं, हे तपासायची वेळच कधी आली नव्हती.

ती २०१७ च्या खरिपात आली. साडेपाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी होती. दिवाळीपर्यंत झाडं अशी लदबदली होती की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत गुलाबी अळी आणि खाल्लेली सरकी. अशी बोंडं नीट उमलत नाहीत, कापूस पिवळा पडून कवचाला चिकटून राहतो. त्याला आम्ही कवडी म्हणतो. व्यापारी हातात घेतो, बघतो आणि परत टाकतो. अळी लागू नये म्हणून तर बीटीचं बियाणं घेतलं होतं. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आमच्या घरी सगळे जिवंत होते एवढंच. सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि बहिणीच्या लग्नाचं देणं मात्र डोक्यावर होतं.

धीर द्यायला पुष्कळ जण आले. एकानं सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय. शहरातल्या एका मोठ्या सभेत व्यासपीठावरून ऐकलं की खिशातलं शेवटचं दे, शंभरपट परत येईल. मी पाचशे रुपये टाकले. ते मायनं तेलाच्या डब्यामागं ठेवलेले होते. त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. कोणाशी भांडलो नाही. रविवारी सकाळी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर जाऊन बसायचो.

नोव्हेंबरात आमच्याकडे हंगामाची उपकारस्तुती असते. पहिलं पीक वेदीपुढं आणायचं, मग त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. कोणी तुरीच्या शेंगा आणतं, कोणी वांगी, संत्री, कोंबडी. त्या वर्षी माय म्हणाली, "आपुनबी नेऊ."

"काय नेतं? कवडी?"

"जे हाये ते नेऊ."

तिनं खरंच टोपली भरली. वरून फडकंही टाकलं नाही. मी लाजेनं अर्धा झालो, पण तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मागं मागं गेलो आणि दाराजवळच्या सतरंजीवर बसलो.

पाळकसाहेबांनी टोपली घेतली आणि संत्र्यांच्या शेजारी, इतरांच्या रांगेत ठेवली. थोडा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्या दिवसासाठी काढलेला पाठ बाजूला ठेवून त्यांनी स्तोत्र १३ वाचलं. लहानसं आहे. सुरुवातीलाच "कुठवर?" हा सवाल देवाला चारदा विचारलेला आहे. कुठवर विसरशील, कुठवर तोंड लपवशील. लहानपणापासून मी ते किती वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर मी धुऱ्यावर बसून म्हणतो ते आहे. आणि ते पवित्र शास्त्रात आहे!

लिलावात टोपलीवर कोणी बोली लावली नाही. पाळकसाहेबांनीही कोणाला गळ घातली नाही. ती वेदीच्या पायरीवर तशीच राहिली. पुढच्या रविवारी मी गेलो तो टोपली अजून तिथं आहे का हे बघायला. होती.

मग मी रात्री स्तोत्रं वाचायला लागलो. स्तोत्र ८८ ला पोचलो तेव्हा हात थांबला. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठंतरी वळतात, देवाचे आभार मानतात. ८८ वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यानं लिहिलं त्याला उत्तर मिळाल्याचा मागमूस नाही, तरी लोकांनी ते जपलं, गायलं, आमच्यापर्यंत आणलं. त्या रात्री मी दिवा मालवून देवाशी पहिल्यांदा पाठ न केलेलं बोललो. पाचशे रुपयांचंही बोललो. आवाज चढला असणार, कारण माय उठून बसली होती. ती काही बोलली नाही.

आणि मला झोप लागली. कितीतरी दिवसांनी.

कर्ज दुसऱ्या दिवशीही तेवढंच होतं, फिटायला चार वर्षं लागली. पण मन भरणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. माझं ऐकणारा कोणी आहे, आणि माझ्या रागानं तो उठून जात नाही. वधस्तंभावर ज्यानं स्वतःच "माझा त्याग का केलास" असं विचारलं, त्याच्यापुढं कवडी न्यायला लाज कसली?

तुमचं मन कुठं भरलं? चमत्काराच्याच गोष्टी हव्यात असं नाही.

बेंबळाकाठ

भाऊ, रडले वाचून.

माझं माहेरही अशाच मंडळीतलं. आपल्याकडे साक्ष द्यायची एक ठरलेली रीत पडली आहे. संकट आलं, प्रार्थना केली, संकट गेलं, प्रभूची स्तुती असो. ज्याचं संकट गेलं तो उठून उभा राहतो. ज्याचं जात नाही तो वर्षानुवर्षं खाली बसून दुसऱ्याच्या साक्षी ऐकतो. माझी आई बारा वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिच्याएवढी भरलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. तिला कधी कोणी साक्ष दे म्हटलं नाही. तुमच्या पाळकसाहेबांनी त्या टोपलीला साक्ष द्यायला उभं केलं, असं मला वाटलं.

खंजिरी

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी गुरुदेव सेवा मंडळ, राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना रोज सांजेला. तरी लिहावंसं वाटलं.

देवाशी भांडण आमच्याकडे जुनं आहे. तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले आहेत! जनाबाईनं तर सरळ झापलं आहे. घरच्या माणसालाच असं बोलता येतं, परक्याला नाही. मला आजवर वाटायचं की चर्चमध्ये सगळं शिस्तीत असतं, डोळे मिटून, हात जोडून, हळू आवाजात. तुमच्यातही असं भांडता येतं हे आज कळलं. एक विचारतो, राग मानू नका. असं बोलायला तुमच्याकडे परवानगी आहे की पाळकसाहेब चांगले निघाले म्हणून झालं?

जुनी_वही

खंजिरीभाऊ, परवानगी शास्त्रातलीच आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत, कधी एकट्याची, कधी सगळ्या लोकांची. पऱ्हाटी यांनी लिहिलेला वधस्तंभावरचा सवाल २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरणाच्या वेदनेत प्रभूच्या तोंडी आली ती लहानपणी पाठ झालेली तक्रार. मी शिक्षकी केली, तरुणपणी यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, काही काळ ऐकायला जात असे. १९५३ साली तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ ला पुण्याला गेली. ती गेली तेव्हा आमच्या भागातून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं होतं, ते अजून वाटतं.

तुकोबांचं नाव निघालं म्हणून सांगतो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणातले, पण त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते आपल्या नागपुराहून निघालेल्या रेल्वेत. ते राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन भेटला, कवितेवरून बोलणं निघालं आणि त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली. टिळकांनी ती वाचायची म्हणून वाचली आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढं ते म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल ओलांडून झाल्यावर तो मोडून टाकायचा नसतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आज आपल्या मंडळीत अभंगाच्या, ओवीच्या चालीवर त्यांची भजनं चालतात आणि टाळ वाजतात.

याची किंमत मात्र घरानं मोजली. लक्ष्मीबाईंना नवऱ्याचा हा निर्णय कळला तेव्हा त्या माउलीची काय अवस्था झाली, ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. काही वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या मागं ओढल्या जाऊन नव्हे, स्वतः विचार करून. आपल्या तरुणांना टिळकांचं नाव तरी माहीत असतं, लक्ष्मीबाईंचा हा एकटीचा प्रवास माहीत नसतो. मला तो जास्त मोलाचा वाटतो.

अजून एक, थोडं अवांतर. नागपूरजवळच्या टाकळघाटच्या बाजूला कधी गेलात तर बोरी नदीपाशी थोडं थांबा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले, शाळा काढली, गोंड लोकांच्या गोष्टी आणि गाणी उतरवून घेतली, दगड आणि जीवाश्म जमवले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना रात्री पूर आलेल्या नदीत ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत असतं, ती नदी माहीत नसते. अठरा वर्षं इथं राबलेल्या माणसाचा असा शेवट झाला. बातमी कळल्यावर त्यांच्या पत्नीनं कोणतं स्तोत्र काढलं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

निळी_पहाट

जय भीम. धागा मनापासून आवडला म्हणूनच सरळ विचारते.

माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. बाबासाहेबांनी आम्हाला देवाकडे गाऱ्हाणं मांडण्यातूनच मोकळं केलं. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण काढता येतं, हे आमच्या घरी लहान मुलालाही शिकवतात. बोंडअळीला कारण आहे. कर्जाला आहे. कापसाच्या भावाला आहे. मग "कुठवर?" हा सवाल वर आभाळात कशाला? तो जिथं विचारायचा तिथं विचारायचं बळ यानं कमी होत नाही का? माझ्या मामांना मी वर्षानुवर्षं नुसतं भजनात बसलेलं पाहिलं आहे, शेताची मोजणी राहिली ती राहिलीच.

पऱ्हाटी

ताई, जय भीम. तुमचा सवाल वाचून दोन दिवस गप्प होतो, कारण तो खरा आहे.

अळीला कारण होतं. बीटीचा तिच्यावर परिणाम उरला नव्हता, आणि आम्हीही फरदड घेत होतो. म्हणजे हंगाम संपला तरी दोन पैसे जास्त मिळतील म्हणून पऱ्हाटी उभी ठेवायची, पाणी द्यायचं. अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळायचं आणि पुढच्या वर्षी तीच परत यायची. हे स्तोत्र वाचून कळलं नाही, कृषी सहायकानं सांगितल्यावर कळलं.

पण कळलेलं करायला उठावं लागतं, आणि त्या डिसेंबरात मी उठतच नव्हतो. दुपारी बारापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. तहसीलला अर्ज करायचा तर आधी आंघोळ करावी लागते. ते बळ मला रात्रीच्या त्या बोलण्यातून आलं. जिथं विचारायचं तिथं मग विचारलंही. पंचनाम्याच्या यादीत आमच्या अकरा घरांपैकी चौघांची नावं नव्हती, ती घालून घ्यायला तीन खेपा केल्या.

बुधवारची घरगुती प्रार्थना तेव्हापासून आमच्या ओसरीवर असते. सात-आठ जण येतात. आधी एक स्तोत्र, मग ज्याला जे बोलायचं ते, मग चहा. आम्ही सगळ्यांनी मिळून फरदड बंद केली ती या चहाच्या वेळी ठरवून. डिसेंबर सरता सरता सगळ्यांच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या पाहिजेत, एकट्यानं करून उपयोग नाही. अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळेही एकत्रच आणतो. दोन बौद्ध शेजारी आणि एक माळकरी काका चहाला असतात, काका तर स्तोत्रालाही बसतात.

तुमच्या मामांचं दुःख मला समजतं. नुसतं बसवून ठेवणारी प्रार्थना मीही पाहिली आहे, शहरातल्या त्या सभेत.

निळी_पहाट

पटलं सगळं असं नाही म्हणत. पण पंचनाम्याचं वाचून बरं वाटलं. धन्यवाद, दादा.

चांद्याकडची

मी कॅथलिक, चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे जपमाळ, मिस्सा, उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट.

माझ्या मुलीला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. थंडी पडली, पाणी कमी प्यालं, ताप आला की सांधे धरतात आणि पोर रात्रभर ओरडते. ती नऊ वर्षांची असताना एका प्रार्थना सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की बरी झाली, आता गोळ्या म्हणजे अविश्वास. मी दीड महिना फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया बंद ठेवलं. मग जे झालं ते लिहवत नाही. रक्त चढवावं लागलं. आमच्या गावच्या सिस्टरनं माझा हात धरून सांगितलं, "बाई, औषधही देवाच्याच घरून येतं." ती रागावली असती तर सोसलं असतं. ती रागावली नाही म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर चर्चमध्ये जायची मला भीती वाटायची. परत गेले ती क्रुसाच्या वाटेला. चौदा स्थानं असतात, एकेका स्थानापुढं थांबायचं, गुडघे टेकायचे. सहाव्या स्थानावर वेरोनिका. शुभवर्तमानात तिची गोष्ट नाही, परंपरेनं चालत आलेली आहे. प्रभू क्रूस घेऊन चालला आहे, तोंडावर घाम आणि रक्त आहे. ती गर्दीतून पुढं येते आणि आपल्या कपड्यानं त्याचं तोंड पुसते. बस्स. क्रूस उतरवत नाही, शिपायांना थांबवत नाही. त्याला मरायचं आहेच. ती तोंड पुसते.

मी तिथं गुडघ्यावर होते ती उठलेच नाही. बाकीचे सातव्या, आठव्या स्थानाला पुढं गेले. रात्री दोन वाजता ओला पंचा घेऊन मी पोरीचं तोंड पुसते तेव्हा मी काहीच करत नाही असं मला वाटायचं. कोण जाणे किती रात्री मी स्वतःला कोसत काढल्या. त्या दिवसापासून तो पंचा हातात घेतला की मला वाटतं, मी त्याचंच तोंड पुसते आहे.

पोर आता सतरा वर्षांची आहे. गोळ्या रोज. दुखणं येतं. मीही असते.

बेंबळाकाठ

ताई, तुमचा हात हातात घ्यावासा वाटतो.

ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे आणि जे हे वाचत आहेत त्यांनी कृपा करून ऐका. कोणी कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना केली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

जुनी_वही

चांद्याकडच्या ताई, मी चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं, पण सहावं स्थान मला आज कळलं. आम्हा प्रोटेस्टंटांकडे क्रुसाची वाट नसते. या उपवासकाळात तुमच्याकडे एखाद्या शुक्रवारी आलो तर चालेल का?

चांद्याकडची

या ना काका. जेवूनच जा. उपवासकाळात वरण-भात आणि वांग्याची भाजी असेल.

ओली_माती

मी अमरावतीला होस्टेलवर राहते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. घर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरचे नावाला ख्रिस्ती, बाबा कधी मंडळीत जात नाहीत. या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात गेलं. बाबा महिनाभर बोलत नाहीत. जेवतात, ढोरं सोडतात, बांधतात, बोलत नाहीत. परवा फोनवर आईला म्हणाले की माझ्या मागं विम्याचे पैसे मिळतात का विचारून ठेव. मी घाबरले आहे. मला प्रार्थना करता येत नाही. काय वाचू?

पऱ्हाटी

बहिणी, आधी घरी जा. आज रात्रीची नाही तर पहाटेची एसटी धर. वाचायचं नंतर बघू.

बाबांना एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं घरात, गोठ्यात असतील तर आजच शेजाऱ्याकडे हलवायला आईला सांग. १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या त्रासात मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं. तू आधी स्वतः लाव, काय बोलायचं ते तेच सांगतील. आणि डॉक्टरला दाखवायचंच. त्या डिसेंबरात मी भिंतीकडे तोंड करून पडायचो असं वर लिहिलं आहे, ते अर्धंच लिहिलं. मलाही पुढं दवाखान्यात न्यावं लागलं, सहा महिने गोळ्या घेतल्या. हे इथं पहिल्यांदा लिहितोय. आधीच लिहायला हवं होतं.

पोचलीस की फक्त "पोचले" एवढं लिही.

खंजिरी

पोरी, दर्यापूरला माझा साडू राहतो. काही लागलं तर संदेश कर, अर्ध्या तासात माणूस दारात उभा करतो. जात-धर्म बघायची ही वेळ नाही.

ओली_माती

पोचले.

औषधं आईनं काकूकडे नेऊन ठेवली. १४४१६ वर बोलले, त्यांनी बाबांना सरळ विचारायला सांगितलं की मनात मरायचं येतं का. मला वाटलं होतं विचारलं तर वाईट होईल. विचारलं. बाबा "हो" म्हणाले. आम्ही तिघंही खूप रडलो.

रात्री मी त्यांच्या खाटेजवळ बसून स्तोत्र १३ वाचलं. वाचून झालं तरी ते आढ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "कोनं लिह्यलं हे?"

मी म्हटलं, दावीद राजानं.

"राजाले काय कमी होतं?"

मला उत्तर येईना. तर तेच म्हणाले, "पुन्हा वाच." मग त्यांनी सोयाबीनचं सांगायला सुरुवात केली, गंजी भिजली त्या रात्रीपासून. दोन वाजेपर्यंत बोलत होते. सोमवारी जिल्हा रुग्णालयात जायचं कबूल केलं आहे.

पऱ्हाटी

प्रभूची स्तुती असो. सोमवारी मीही अमरावतीला येतो. बाबांना म्हणावं, यवतमाळकडचा एक कापूसवाला येणार आहे, त्याला तुमच्याशी बोलायचं आहे. मी सकाळी नऊला बसस्टँडवर असेन, रसवंतीसमोर.